पन्नासाव्या मिनिटाची चाहूल

मला डॉक्टरेट मिळाली नाही.

हे वाक्य चुकून आधी आलं. ते मी लिहिलं नाही, तुम्ही वाचलं नाही, आणि इथून पुढे मी एक असा माणूस आहे ज्याला येत्या तीस तारखेपासून लोक डॉक्टर म्हणणार आहेत. घरात तशी सुरुवात झालीच होती. कुरिअरवाला आला की आई दार अर्धं उघडून सांगायची, "हळू बोला, डॉक्टर झोपलेत." कुरिअरवाला कुजबुजत सही मागायचा.

मी हरितलवकांवर संशोधन करतो. हरितलवक म्हणजे पानाच्या पेशीतले हिरवे दाणे. एकेका पेशीत पन्नास-शंभर असतात. उजेड, पाणी आणि हवा अशा तीन फुकटच्या वस्तूंमधून ते साखर करतात, आणि तुम्ही आजवर जे काही खाल्लंत ते शेवटी त्यांच्याच हातचं आहे. एक-दीड अब्ज वर्षांपूर्वी यांचे पूर्वज स्वतंत्र जिवाणू होते. एका भुकेल्या पेशीनं त्यातला एक गिळला आणि काय झालं कोण जाणे, पचवायचं राहून गेलं. तेव्हापासून ही मंडळी तिथेच आहेत. स्वतःचा वेगळा डीएनए बाळगतात, स्वतःच्या सोयीनं दोनाचे चार होतात आणि घर सोडायचं नाव काढत नाहीत. जगातले पहिले घरजावई. फरक एवढाच, की हे घर चालवतात.

माझा विषय त्यांची हालचाल. हे दाणे पेशीत हिंडतात. उजेड मंद असला की दर्शनी बाजूला येऊन पसरतात आणि मिळेल तेवढा पदरात पाडून घेतात. ऊन कडक झालं की कडेच्या भिंतींना चिकटून एकामागे एक उभे राहतात, म्हणजे पुढच्याच्या सावलीत मागचा वाचतो. कुठल्याही कार्यालयात साहेब फेरीवर निघाले की हेच होतं. तिथे फक्त सूक्ष्मदर्शक लागत नाही.

आमचं रोप तंबाखूचं. तंबाखूचं पान मोठं, मऊ, आणि प्रयोगशाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या छळ सोसलेलं. बाबांना हे कधीच पचलं नाही. जन्मात सिगारेटला हात न लावलेल्या बाबांना लोक विचारायचे, धाकटा काय करतो? बाबा छताकडे बघत म्हणायचे, "तंबाखूत आहे."

माझ्या मार्गदर्शक म्हणजे मॅडम. उंची पाच फूट, आवाज सात फूट. मॅडम नऊ वर्षं एकच गोष्ट सांगत होत्या: पान उजेडाला नुसतं उत्तर देत नाही, ते उजेडाचं वेळापत्रक शिकतं. दिवा रोज ठरल्या वेळी लागत असेल तर पान आधीच तयारीला लागतं. पानाला चाहूल लागते. नऊ वर्षं हे कोणी ऐकलं नव्हतं, आणि सगळ्यात जास्त मन लावून ऐकलं नव्हतं ते समोरच्या लॅबमधल्या सरांनी. सर मुळांवर काम करत. त्यांच्या मते झाड म्हणजे मूळ, बाकी वर दिसतं ती टोपी. नेमके तेच आमच्या डॉक्टरेट समितीचे अध्यक्ष.

प्रयोग एका अंधाऱ्या खोलीत चाले. ती पूर्वी झाडू-बादल्यांची खोली होती. मॅडमनी स्वतः आतून काळा रंग मारला, दाराच्या फटींना रबर लावलं आणि तिला शास्त्राच्या कामाला जुंपलं. आत एका टेबलावर पान चौकटीत पकडलेलं. त्यातून लाल उजेडाचा एक बारीक किरण जातो. लाल उजेडानं दाणे हलत नाहीत, म्हणून तो सुरक्षित. दाणे पसरले तर पानातून कमी लाल उजेड पार जातो आणि पडद्यावरची रेघ खाली वाकते. दर तासाच्या ठोक्याला एक मंद निळा दिवा दहा मिनिटं लागतो. निळा उजेड दाण्यांना चालतो, चांगलाच चालतो. दिवा लागला की रेघ वाकते, विझला की हळूहळू सरळ होते. एवढंच. हे मी साडेपाच वर्षं बघतोय.

अडचण पडद्याची. पडद्याचा उजेड पानावर पडायला नको, म्हणून पडदा समोरच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, आणि वरून जाड काळं कापड. निरीक्षकानं स्टुलावर बसायचं, कापडात डोकं खुपसायचं, पानाकडे पाठ ठेवायची आणि चार तास रेघ बघायची. मोबाईल बाहेर. टेबल हादरवेल अशी, थरथरणारी, वाजणारी वस्तू बाहेर. मी तर मनगटावरच्या पावलं मोजायच्या पट्ट्याची थरथर आणि आवाजसुद्धा बंद करून टाकला होता, इतका मी नियमाचा पक्का. शिवाय हात पाठीमागे बांधायचे. पुढे हात असले की माणूस काहीतरी चाळवतो, असा मॅडमचा अनुभव. माझ्याआधीच्या एका विद्यार्थ्यानं टेबलावर बोटांनी ताल धरून चार महिन्यांचं काम पाण्यात घातलं होतं. आणि शेवटचा नियम: एक पान, एक माणूस. दुसरं कोणी आत नाही.

तर डोकं कापडात, हात पाठीमागे, तोंड कोपऱ्याकडे. शाळेत मला हीच शिक्षा व्हायची. तेव्हा तिला विद्यावेतन नव्हतं.

पाच महिन्यांपूर्वीच्या एका सकाळी नऊ पन्नासला रेघ वाकली.

दिवा दहाला लागणार होता. मी डोळे चोळले, म्हणजे चोळले असते, पण हात मागे होते. दहा पन्नासला परत वाकली. अकरा पन्नासला परत. एक वाजता मी बाहेर आलो तेव्हा मॅडम दारात सँडविच घेऊन उभ्या होत्या.

"काय?"

"दिव्याच्या आधी हलतंय."

"किती आधी?"

"दहा मिनिटं. दर वेळी."

मॅडमनी सँडविच माझ्या हातात दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "परत कर."

"सँडविच?"

"प्रयोग."

मी तो महिनाभर केला. रोज दर तासाला पन्नासाव्या मिनिटाला रेघ वाकायची. मग एका गुरुवारी मॅडमनी मला न सांगता निळ्या दिव्याची वायर काढून ठेवली. दिवा दिवसभर लागलाच नाही. रेघ तरीही पन्नासाव्या मिनिटाला वाकली. येणार नसलेल्या दिव्याची पान वाट बघत होतं. मॅडमनी त्या दिवसाच्या आलेखाचा कागद बराच वेळ हातात धरला आणि मग साडेपाच वर्षांत पहिल्यांदाच मला स्वतःची खुर्ची देऊ केली. मी बसलो. ती लंगडत होती.

आता माझी परिस्थिती सांगतो. आमच्याकडे डॉक्टरेटला दोन मुदतवाढी धरून सहा वर्षं मिळतात. सहा वर्षांच्या आत एक तरी नवं, तपासलेलं निरीक्षण समितीपुढे ठेवायचं, नाहीतर नाव कमी. माझी सहा वर्षं तीस तारखेला भरत होती. त्याआधीच्या काळात मी काय शोधलं होतं तर हे: थंड पाण्यात दाणे हळू हलतात, जे सगळ्यांना माहीत होतं, आणि कोमट पाण्यात जरा लवकर हलतात, जे कळायला शोधाची गरज नव्हती. म्हणजे माझं सगळं भवितव्य त्या पन्नासाव्या मिनिटावर टांगलेलं.

मुळांच्या सरांना बातमी कळली. ते म्हणाले, "मी स्वतः बसतो." आणि बसले. चार तास कापडात डोकं, हात पाठीमागे. पन्नासाव्या मिनिटाला रेघ सरळ. मधेमधे एक बारीक दातेरी भाग होता, तो त्यांच्या घोरण्याचा निघाला. दुसऱ्या दिवशी त्यांचा विद्यार्थी बसला. रेघ सरळ. तिसऱ्या दिवशी मी बसलो. नऊ पन्नास, खाली.

"म्हणजे पान याच्यासाठीच हलतं," सर म्हणाले.

"असेल," मॅडम म्हणाल्या. "झाडांना कळतं."

"काय कळतं?"

"ते शोधायचंय."

त्यानंतरचा महिना हा माझ्या आयुष्यातला एकमेव काळ, जेव्हा लोकांनी माझ्यात खास काय आहे हे शोधायचा प्रामाणिक प्रयत्न केला. मला तीन दिवस अंघोळ करू दिली नाही. रेघ वाकली. मला साबणानं दोनदा धुऊन आणलं. वाकली. बनियनवर बसवलं. वाकली. माझा श्वास पानापर्यंत पोहोचत असेल म्हणून तोंडात रबरी नळी देऊन तिचं दुसरं टोक भिंतीतल्या भोकातून कॉरिडॉरमध्ये काढलं. वाकली. कॉरिडॉरमध्ये मात्र एक पाहुणे प्राध्यापक भिंत श्वास घेतेय म्हणून दचकले. शेवटी मला बाहेर ठेवून स्टुलावर नुसता माझा शर्ट बसवला. रेघ सरळ. मॅडमनी वहीत लिहिलं: "शर्ट पुरेसा नाही."

त्याच आठवड्यात भांडाराचे काका वार्षिक तपासणीला आले. भांडाराचे काका म्हणजे असा माणूस, की ज्याच्या नोंदवहीत जे नाही ते जगात नाही.

"या प्रयोगाला काय काय लागतं?" त्यांनी विचारलं.

"चौकट, दोन दिवे, पडदा, आणि हा," मॅडमनी माझ्याकडे बोट केलं.

"याच्याशिवाय चालत नाही?"

"करून बघितलं. नाही चालत."

काकांनी चष्मा वर केला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझ्या ओळखपत्राच्या मागे एक स्टिकर चिकटवला. उपकरण क्रमांक एकशे सोळा. स्थिती: चालू. "हरवू नका," ते मॅडमना म्हणाले. "मागच्या वर्षी तराजू हरवलात."

एकच दिवस गडबड झाली. त्या बुधवारी अकराच्या सुमारास मॅडमनी बाहेरून दार ठोठावलं. त्यांना शेजारच्या खोलीत पानं वाटायला बर्फ हवा होता आणि बर्फाचं यंत्र तळमजल्यावर. आम्ही चौथ्या. लिफ्ट बंद. मी बादली घेऊन दोनदा खाली-वर केलं, धापा टाकत परत कापडात शिरलो, आणि अकरा पन्नासला रेघ जागची हलली नाही. बारा पन्नासला पुन्हा नेहमीसारखी वाकली.

मॅडमनी वहीत लिहिलं, "पान नाराज?" प्रश्नचिन्ह टाकलं, कारण त्या शास्त्रज्ञ आहेत.

समितीची बैठक एकोणतीस तारखेला ठरली. त्याआधीच्या रविवारी ताई घरी आली.

ताई माझी मोठी बहीण. फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या माना सरळ करते आणि माझ्याकडे आली की माझी धरते. पाच महिन्यांपूर्वी माझ्या वाढदिवसाला तिनंच मला मनगटावर बांधायचा तो पट्टा दिला होता, पावलं आणि हृदयाचे ठोके मोजणारा. मी तो घातला आणि विसरलो. ती विसरली नव्हती.

"डॉक्टर, बसा," ती म्हणाली. "बसता तर तुम्हाला येतंच."

"आता काय केलं मी?"

"काही नाही. तेच तर. तुझ्या पट्ट्याची सगळी माहिती माझ्या फोनवर येते, ठाऊक आहे ना?"

"तुझ्या का?"

"कारण तो चालू मी केला. तुला स्वतःचा पासवर्ड आठवत नव्हता." तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला. "वाच. सोमवार. नऊ पन्नास, उठा. दहा पन्नास, उठा. अकरा पन्नास, उठा. बारा पन्नास, उठा. मंगळवार, तेच. तासाभरात अडीचशे पावलं झाली नाहीत तर तो पन्नासाव्या मिनिटाला सांगतो, बाबा रे, उठ. पाच महिने सांगतोय. माणूस आहेस की कपाट?"

मी फोनवर वाकलो.

"ताई, दोन आठवड्यांपूर्वीचा बुधवार काढ."

"का? लाज वाटतेय ना? वाटू दे."

"काढ गं. अकरा पन्नास."

तिनं बोटानं वर सरकवलं. "अकरा पन्नासला नाहीये. त्या तासात नऊशे पावलं. कुठे पळत होतास? आग लागली होती?"

"बर्फ आणायला गेलो होतो." मी मनगटाकडे बघितलं. पट्टा काळा, मुका. "पण हा सांगतो कसा? थरथर मी बंद केलीये. आवाज बंद केलाय."

"ते बंद केलंस की तो उजळून सांगतो. तू उठेपर्यंत, नाहीतर तास भरेपर्यंत. निळी स्क्रीन येते आणि त्यात एक छोटा माणूस उभा राहतो. छान दिसतं. तू बघितलं नाहीस कधी?"

बघणार कसा? माझं डोकं कापडात होतं. हात पाठीमागे होते. पाठीमागे पान होतं.

घड्याळात चार चाळीस झाले होते. मी बाथरूममध्ये गेलो, दिवा बंद केला, दार लावलं, दाराखालच्या फटीत पंचा कोंबला आणि उलट्या बादलीवर हात पाठीमागे बांधून बसलो.

"आत काय चाललंय?" बाहेरून आईचा आवाज.

"डॉक्टर बसलेत," ताई म्हणाली.

चार पन्नासला समोरची भिंत निळी झाली. फरशांमधल्या रेघा दिसल्या, नळ दिसला, पेल्यातले ब्रश मोजता आले. माणसाला ब्रश मोजता येतात तिथे पानाला काय अवघड. मी उठून उभा राहिलो, एकाच जागी अडीचशे पावलं टाकली. भिंत विझली.

बाहेर आलो तर ताई दाराला टेकून उभी. मी तिला सगळं सांगितलं. ती एकदाच हसली, पण ते हसू बराच वेळ चाललं. मग तिनं माझं तोंड बघितलं.

"मग उद्या सांगून टाक की मॅडमना."

"सांगितलं तर मी डॉक्टर होत नाही."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"होतो."

"आणि पान?"

"पानाला काय फरक पडतो? ते कोणालाच डॉक्टर म्हणत नाही."

"मला पडतो," ताई म्हणाली. "तू जगभर छापणार, पानाला चाहूल लागते म्हणून. ती चाहूल मी सवलतीत घेतलीये. मला निदान विचारायचं तरी."

सोमवारी मी पट्टा घालून गेलो. का घातला असं विचाराल तर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते चांगलं नाही. कापडात डोकं घातलं, हात मागे बांधले, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला खोलीत काय चाललंय ते माहीत होतं. नऊ पन्नासला रेघ इमानेइतबारे वाकली. पाठीमागे, माझ्या मनगटावर, एक निळा माणूस उठून उभा होता. दोघांतला तोच एक उठला होता.

एक वाजता मॅडमनी मला टेबलाशी बसवलं. समितीला द्यायचा अहवाल पुढे ठेवला. त्यांनी तो दोन दिवस आणि बहुधा नऊ वर्षं लिहिला होता. पहिल्या पानावर माझं नाव आधी होतं, त्यांचं नंतर.

"तुमचं आधी हवं ना, मॅडम?"

"बसलास तू. मी बाहेर उभी होते." त्यांनी एक पान उलटलं. "एवढा तक्ता भर आणि खाली सही कर. बाकी मी केलंय."

तक्त्याचं शीर्षक होतं: "प्रयोगाच्या वेळी खोलीत असलेले सर्व प्रकाशस्रोत." खाली तीन ओळी. त्याखाली छापलेलं वाक्य: वरील यादी पूर्ण असल्याचे मी प्रमाणित करतो.

मी लिहिलं: एक, लाल किरण. दोन, निळा दिवा. मग पेन थांबलं. यादी पूर्ण दिसत होती. कोणालाही दिसली असती. मॅडम खिडकीशी उभ्या राहून रोपांची सुकलेली पानं खुडत होत्या आणि गुणगुणत होत्या. त्या गुणगुणतात हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. गाणं ओळखू येत नव्हतं, इतका सराव सुटलेला.

मी तिसऱ्या ओळीत लिहिलं: तीन, ताई.

मॅडमनी कागद उचलला. वाचला. चष्मा काढून पुसला, परत वाचला.

"ताई म्हणजे काय?"

"माझी मोठी बहीण."

"ती खोलीत होती?"

"एका अर्थी," मी म्हणालो आणि मनगट पुढे केलं. मग ताईनं माझ्या मोबाईलवर पाठवलेली पट्ट्याची यादी आमच्या आलेखाशेजारी ठेवली. दोन्हीकडे तेच दिवस, तेच तास, तीच मिनिटं. एकात माझं संशोधन होतं, दुसऱ्यात माझा आळस. ओळखायला खुणा नसत्या तर कोणतं कोणतं ते मलाही सांगता आलं नसतं.

मॅडमनी यादी आणि आलेख ओळीनं ताडून बघितले. गुणगुणणं थांबलं होतं. मी मनात म्हणत होतो, आता ओरडा, सात फुटांचा आवाज काढा, म्हणजे मला निदान वाईट वाटायला वेळ मिळणार नाही.

"हे सिद्ध झालेलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"मॅडम, मी बाथरूममध्ये..."

"बाथरूममध्ये पान होतं?"

"नाही."

"मग? तू आणि पट्टा दोघं खोलीत होतात. तुझ्यामुळे झालं की पट्ट्यामुळे, हे कुठे वेगळं केलंय? तू नको. नुसता पट्टा पाहिजे."

"तो मनगटावर नसला तर बंद पडतो. त्याला ठोके लागतात."

मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. हात पुसायचा टॉवेल उचलला, त्याची घट्ट गुंडाळी केली आणि तिच्यावर पट्टा बांधला. पट्ट्याचा दिवा लुकलुकला, त्यानं जरा विचार केला आणि टॉवेलचे ठोके दाखवले. बहात्तर. मी गंमत म्हणून स्वतःची नाडी मोजली. एकशे दहा.

टॉवेल आम्ही स्टुलावर ठेवला, पानाकडे तोंड करून. दार लावलं. पडदा बाहेर आणून त्याची वायर भिंतीतल्या त्या श्वासाच्या भोकातून ओवली आणि कॉरिडॉरमध्ये जमिनीवर, एकमेकांशेजारी बसलो. पन्नासाव्या मिनिटाला रेघ वाकली. पुढच्या तासाला परत. टॉवेल बसून होता, ठोके शांत, चाळवाचाळव शून्य, घोरणं नाही. माझ्यापेक्षा दहापट चांगला निरीक्षक. मला सहा वर्षांत जमलं नाही ते त्यानं दोन तासांत संपवलं.

"आता सिद्ध झालं," मॅडम म्हणाल्या.

"सॉरी मॅडम."

"कशाबद्दल?"

"नऊ वर्षांबद्दल."

"नऊ माझी होती. तुझे फक्त पाच महिने." त्यांनी उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. "काम चांगलं केलंस. चुकीचं, पण चांगलं. पुष्कळ लोक बरोबर करतात आणि ते बघवत नाही."

एकोणतीस तारखेला समितीपुढे मॅडम स्वतः उभ्या राहिल्या. त्यांनी आधी माझा आलेख दाखवला, मग ताईची यादी, मग टॉवेलचा आलेख. तिन्ही एकावर एक ठेवले तर एकच दिसत होता. मुळांचे सर पुढे झुकले.

"म्हणजे पानाला चाहूल लागत नाही."

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"दिवा येणार हे कळत नाही."

"नाही."

"पण समोरचा टॉवेल बसून आहे हे कळतं."

"तेही पट्ट्याला कळतं. पानाला नुसता निळा उजेड कळतो. तो कळतो हे आपल्याला आधीपासून माहीत होतं."

आता सर हसतील, असं वाटून मी तयारीत उभा होतो. ते हसले नाहीत. चष्म्याची काडी चावत राहिले. मग म्हणाले, "मी बसलो होतो ना त्या कापडात, तेव्हा पहिला तासभर मला वाटत होतं, वाकू नये. दुसऱ्या तासाला वाटायला लागलं, वाकावी एकदा. कोणी बघत नव्हतं. म्हणून झोपलो."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नऊ वर्षांत त्या दोघांमध्ये झालेलं हे सगळ्यात लांब संभाषण.

"पण नियमाप्रमाणे," सर माझ्याकडे वळले, "सहा वर्षांत एक नवं निरीक्षण लागतं."

"टॉवेलचे ठोके?" मी विचारलं.

"ते वनस्पतिशास्त्रात बसत नाही."

"मुदतवाढ?"

"दोनदा झालीये. तिसरी नियमात नाही." सरांनी फाईल मिटली, पण बाजूला सारली नाही. "अर्ज करून बघ."

"कोणाला करू?"

"कोणालाही कर. मंजूर कोणाकडूनच होणार नाही."

मी बाहेर आलो. मॅडम माझ्या आधीच अंधाऱ्या खोलीत गेल्या होत्या. दाराच्या रबरामागून त्यांचा आवाज आला, टॉवेल धुवायला टाक आणि पानाला पाणी घाल. मी दोन्ही केलं, मग मॅडमच्या लंगड्या खुर्चीत बसून एक कोरा कागद घेतला.

प्रति,
मा. कुलसचिव

विषय: मुदतीच्या गणनेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदाराची संशोधनाची सहा वर्षांची मुदत उद्या, दि. ३० रोजी संपत आहे. तथापि, सदर मुदतीपैकी एकूण २१४६ तास अर्जदार विभागाच्या अंधाऱ्या खोलीत, डोक्यावर कापड घेऊन व हात पाठीमागे बांधून, मार्गदर्शकांच्या लेखी सूचनेनुसार बसलेला होता. हजेरीपट जोडला आहे.

अंधारात हरितलवक साखर तयार करत नाहीत, ही बाब सर्वमान्य आहे. सदर कालावधीत अर्जदारानेही काही तयार केले नाही, ही बाब समितीने आजच मान्य केली आहे. उजेड नसताना पानाकडून कामाची अपेक्षा धरली जात नाही व त्यास नोटीसही बजावली जात नाही. हाच निकष अर्जदारास लावल्यास उक्त २१४६ तास मुदतीत धरता येत नाहीत.

सबब, ते तास मुदतीतून वजा करण्यात यावेत; आणि या अर्जावर अंतिम निर्णय होईपर्यंत विद्यापीठाच्या सर्व विभागांत, वसतिगृहांत व संलग्न महाविद्यालयांत दररोज एकोणतीस तारीखच धरण्यात यावी, ही विनंती.